नदीचं चित्र आणि माझी काच

जळगावात माझं फोटो मढवायचं दुकान होतं. शाळा चौथीपर्यंत. देवांची कॅलेंडरं, लग्नाचे फोटो, मेलेल्यांचे फोटो, सगळं मढवलं. कॅलेंडर आलं की आधी खालची पट्टी पात्यानं उडवायची. देवाच्या पायाखाली कापडवाल्याचं नाव कोणाला हवंय?

ऐंशी सालानंतरची गोष्ट. भुसावळहून रेल्वेतले एक साहेब चित्र घेऊन आले. नदी, तिच्यात उतरलेली बैलगाडी, मागे मोठाली झाडं. रंग नाही, सगळं बारीक काळ्या रेघांत. विलायतेतल्या नामी चित्रावरून कोणी तांब्याच्या पत्र्यावर रेघा कोरल्या आणि तो पत्रा जाड कागदावर दाबून छापलं, असं साहेबांनी सांगितलं. प्रती मोजक्याच. मी हो हो केलं आणि सवयीनं चारी बाजूंचा कोरा काठ कापून टाकला. खाली पेन्सिलीनं काही इंग्रजी लिहिलेलं होतं, तेही गेलं.

साहेब न्यायला आले आणि बघून मटकन बाकावर बसले.

"अहो, कोरणाऱ्याची सही होती ती! पत्र्याचा काठावर उमटलेला ठसाही गेला. कॅलेंडर करून टाकलंत तुम्ही!"

"साहेब, चित्राला कुठं हात लावलाय?"

"ठेवा आता तुमच्याच घरी," म्हणाले आणि निघून गेले.

ठेवलं. बायकोनं स्वयंपाकघरात, स्टोव्हच्या वरच्या भिंतीला लावून घेतलं. ती साक्रीकडची. पहिल्याच दिवशी म्हणाली, "हाई ते मन्हं माहेर शे."

"येडी, विलायत आहे ती."

"ऱ्हाऊ द्या. नदी आमनीच शे."

मग दहा-बारा वर्षं त्या गाडीवाल्याला रोज टोमणा. "का रे भाऊ, आजबी घर ग्या नही?"

ती गेली. दोन दिवसांचा ताप, बस. पोरबाळ नाही आम्हाला. गावाचे फोटो मढवले, तिचा एक काढला नाही. काढू कधीतरी, म्हणत राहिलो. गाढवपणा. घरात तिचं म्हणून तेवढं चित्र उरलं. जेवायचो त्याच्यासमोर. बोलायला दुसरं कोण होतं?

वर्षभरानं साहेबांची लेक दारात आली. चाळिशीची असेल.

"बाबा गेले, आबा. शेवटी शेवटी त्या चित्राचाच विषय काढायचे. कापलेलं का असेना, द्याल का?"

नाही म्हणणार होतो. पण कापलं मी होतं, आणि बाप तिचा मेला होता. भिंतीवरून काढून तिच्या हातात दिलं. काच मळकी दिसली म्हणून तिनं पदर घेतला.

"पुसू नका!" असा ओरडलो की बाई दचकली.

बैलगाडीपाशी काचेवर पिवळी बोटं उमटलेली होती. फोडणी देता देता बायको हळदीच्या बोटांनी मला दाखवायची, इथून गाडी निघाली, इथं उतार लागला.

बाईनं हात मागे घेतला. मी पकड आणली, मागचे बारीक खिळे काढले, चित्र सोडवलं, वर्तमानपत्रात गुंडाळून दिलं.

"चित्र तुमच्या वडिलांचं. काच माझी."

"रिकाम्या चौकटीचं काय करणार, आबा?"

"बघीन."

तशीच परत लावली. मागे नुसती चुन्याची भिंत दिसते. बोटं तीन आहेत, फिकी. काचेवर धूळ बसते, पण फडकं मारायचा धीर होत नाही. नुसती फुंकर घालतो, तीही लांबून.