राहून गेलेली चांदणी
कार्बन पेपरचा वास आला की अजून बोटं अस्वस्थ होतात. तेव्हा मी एका खासदारांची टायपिस्ट होते. दिल्लीच्या द्वारकेतलं तळं बुजवून सोसायट्या उभ्या राहणार होत्या. त्यावर साहेबांना मंत्र्यांकडून सभागृहात तोंडी उत्तर हवं होतं. प्रश्न देण्याची मुदत संपत आलेली. साहेब येरझाऱ्या घालत म्हणत होते, "चलो, आटपा बाई." मी प्रश्न धावत संसदेच्या कार्यालयात नेऊन दिला, पण तोंडी उत्तराच्या, म्हणजे तारांकित प्रश्नावर लावायची चांदणीच टाइप करायची राहिली. मग लेखी उत्तराची एक ओळ आली: माहिती गोळा केली जात आहे. साहेब एवढंच म्हणाले, "लेखी उत्तरावर आता उलट उपप्रश्न विचारणार कोणाला?" त्याच तळ्यावरच्या सोसायटीत मी आता राहते. दर पावसाळ्यात तळमजल्यावर पाणी भरतं. शेजारी विचारतात, हे येतं तरी कुठून? मला तोंडी उत्तर देता येत नाही.