अक्कांचा डोंगर

वडवणीचा आठवडी बाजार उठला की दुसऱ्या दिवशी दुपारी अक्का आपलं बांगड्यांचं दुकान बंद करायच्या आणि डोंगराकडे चालू लागायच्या. तिकडे त्यांचं शेत नव्हतं, नातलग नव्हते, देवाचा नेमही नव्हता. "एवढ्या उन्हात काहून जाता, अक्का?" शेजारणी विचारायच्या. "बघाय," एवढंच उत्तर.

अक्का म्हणजे माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण. तरुणपणीच विधवा होऊन माहेरी परतलेल्या. मी लातूरहून लग्न होऊन आले तेव्हा घरोघर नुकतीच केबल येत होती. टीव्हीवर बर्फाचे डोंगर बघायचे आणि खिडकीबाहेरच्या बोडक्या टेकड्या बघून हिरमुसायचं, असं माझं चाललेलं. एकदा अक्का शेजारी येऊन बसल्या. बराच वेळ बर्फ बघितला. "लई देखणं हाय," म्हणाल्या, "पन तिथं आपल्याला कोन वळखतंय? ऊठ."

त्या दिवशी त्यांनी मला तरवडाची पिवळी फुलं दाखवली, विहिरीवर लोंबणारी सुगरणींची घरटी दाखवली. ओढ्याकाठच्या चिंचेखाली मात्र त्या थांबल्या. "आमचं वऱ्हाड परतताना इथं थांबलतं. ह्यांनी वंजळीनं मला पाणी दिलं." त्यांच्या संसाराबद्दल एवढंच मी कधी ऐकलं.

पुढे त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. ऑपरेशनचं नाव काढलं की त्या घाबरायच्या. पण डोंगर सोडला नाही. माझा दंड धरून चालायच्या आणि म्हणायच्या, "सांग."

"गवत वाळलंय, अक्का."

"वाळल्या गवताला बी रंग असतो पोरी. नीट बघून सांग."

मी पुन्हा बघायची. बुडाशी तांबूस, तुऱ्याशी जांभळट. नीट बघणं मी असं शिकले.

मग ओढ्यावर पाझर तलावाचं काम निघालं. त्या उन्हाळ्यापासून पावसाळा सरेपर्यंत अक्का सारख्या येणाऱ्या तापानं अंथरुणाला खिळल्या होत्या. त्या बऱ्या झाल्यावर आम्ही गेलो, तर ओढ्याच्या जागी लांबवर पाणी पसरलेलं. चिंच कधीच तोडली होती.

"गप काहून झालीस?"

चिंच जागेवर आहे म्हणावं, त्यांना कुठे दिसतंय, असं मनात आलं. अक्कांनी दंड घट्ट धरला. "जे हाय ते सांग. खोटं मला घरी बसून बी दिसतं."

मी सांगितलं. त्या बांधावरच बसल्या आणि ओल्या, नव्या मातीवरून हात फिरवत राहिल्या. त्यानंतर कितीतरी बाजार झाले, अक्का दुकानाबाहेर पडल्या नाहीत. जेवण कमी झालं, बोलणं त्याहून कमी. मला धास्ती वाटू लागली.

एका सकाळी त्याच म्हणाल्या, "मला बीडला डाक्टरकडं घेऊन चल."

"ऑपरेशनला? तुम्ही तर घाबरत होता!"

"भ्या वाटतंच की. पन जुनं सगळं मला बिनडोळ्याचं दिसत हुतं. हे पानी नवं हाय. ते कसं दिसंल?"

डोळे बरे झाल्यावर हिवाळ्यात आम्ही तलावावर गेलो. बांधाखाली गहू हिरवा झाला होता, पाण्यावर पांढरे पक्षी उतरत होते. अक्का खूप वेळ एकाच जागेकडे, चिंच होती तिथे, बघत होत्या. "तिथं खोल असंल का गं?" त्यांनी विचारलं. "असेल," मी म्हणाले. मग त्यांनी चपला काढल्या, लुगडं सावरलं आणि त्या पाण्यात उतरल्या. पायाला काहीतरी टोचताच त्या लहान मुलीसारख्या ओरडल्या, "मासं हायती गं! ह्या वढ्याला मासं कवा आले!"

पुढे माझ्या नवऱ्याची बदली बीडला झाली. निघताना अक्का म्हणाल्या, "तिकडचं मला येऊन सांग." नव्या कॉलनीत सिमेंट आणि वाळूचे ढीग याखेरीज मला काही दिसेना. सांगण्यासारखं नाही म्हणून मी गावाकडे जायचंही टाळत होते. एका संध्याकाळी मात्र सहज रिकाम्या प्लॉटांच्या पलीकडे चालत गेले. करडईचं अख्खं शेत फुललं होतं. पिवळ्या फुलांच्या मधोमध केशरी छटा होती. मी वाकून एक फूल नीट बघितलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली एसटी पकडून वडवणीला गेले.