होम, प्रो आणि दुसरी किल्ली

बायकोसाठी लॅपटॉप घ्यायला आम्ही लोणावळ्यातल्या एका दुकानात गेलो. मॉडेल ठरलं, पिशवीही निवडून झाली. मग दुकानदाराने विचारलं, ऑपरेटिंग सिस्टिम साधी होम टाकू की महागातली प्रो?

बायको शाळेत गणित शिकवते. तिला मुलांसाठी चित्रांचे धडे तयार करायचे होते. होम पुरे, असं ती म्हणाली. मी म्हणालो, प्रो.

यामागे संगणकाचं ज्ञान नव्हतं, अपराधीपणा होता. लग्नापासून चांगली वस्तू माझी आणि चालून जाईल ती तिची, असा आमच्या घरचा शिरस्ता आहे. नवा फोन मी घेतो, माझा जुना तिला जातो. गाडीवर पक्कं हेल्मेट माझ्या डोक्यावर, सैल पट्ट्याचं तिच्या. हे सगळं एका प्रोमध्ये फिटेल असं मला वाटलं. दुकानदार फरक समजावत होता, मी मान डोलावत होतो. कळलं एवढंच, की प्रोमध्ये डिस्कला कुलूप घालता येतं.

घरी आल्यावर लक्षात आलं, तिला लागणारं सगळं होममध्येही होतंच. मग जास्तीचे पैसे वसूल व्हावेत म्हणून मी ते कुलूप घातलं. लॅपटॉपने एक लांबलचक आकडा दिला. अडचण आली तर हीच किल्ली, हिच्याशिवाय डिस्क उघडणार नाही. ती त्याच डिस्कवर ठेवायला त्याने साफ नकार दिला. मी हुशारी केली. प्रिंट काढायच्या निमित्ताने पीडीएफ बनवली आणि धड्यांच्या शेजारीच ठेवून दिली.

आता माझा धंदा सांगणं भाग आहे. मळवली-भाजे भागातले मुंबईकरांचे बंगले मी सांभाळतो. दुसरी किल्ली बंगल्यात ठेवायची नाही, हे प्रत्येक मालकाला मी ऐकवतो. सगळ्या दुसऱ्या किल्ल्या भाज्याला माझ्या सासूबाईंच्या घरी खिळ्यांवर टांगलेल्या असतात.

पावसाळ्यात दमट हवेने लॅपटॉप बंद पडला. दुकानदाराने मदरबोर्ड बदलला, आणि सुरू होताच लॅपटॉपने किल्ली मागितली. कुठे ठेवलीय, बायकोने विचारलं. मी सांगितलं.

"बंगलेवाल्यांना काय सांगता हो तुम्ही?"

"दुसरी किल्ली आत ठेवू नका."

"मग?"

डिस्क पुसावी लागली. काही धडे तिने इतर शिक्षकांना पाठवले होते, ते परत मिळाले. बाकीचे ती नव्याने करते आहे. अपूर्णांकांसाठी चिक्कीच्या वड्यांची चित्रं काढायचं काम माझ्याकडे आलंय. माझी पाव वडी दरवेळी जरा मोठी येते, आणि ती पुन्हा काढायला लावते.

सोमवारी बंगले रिकामे झाले की धड्यांची प्रत असलेला पेन ड्राइव्ह आम्ही भाज्याला नेतो. पहिल्यांदा नेला तेव्हा सासूबाईंनी तो उलटसुलट करून पाहिला.

"जावईबापू, ही कुटल्या बंगल्याची?"

"आमच्याच घरची."

"मग घरीच का न्हाई ठेवली?"

मी बायकोकडे पाहिलं. ती किल्ल्यांमधला रिकामा खिळा शोधत होती.

"ह्यांच्यापाशी नको, आई," ती म्हणाली.