ऐंशीला लॉक असलेली गाडी

आधीच कबूल करते. या सदरात लोक जे अनुभव लिहितात, ते वाचून मी पोट धरून हसलेली बाई आहे. पिंपळाखालची बाई, पांढऱ्या सदऱ्यातला म्हातारा, वळून पाहिलं तर कुणीच नाही... मी तर ते आवाज काढून काढून आमच्या ह्यांना वाचून दाखवायचे. आता माझ्यावरच लिहायची पाळी आली आहे, तेव्हा ज्यांना हसायचंय त्यांनी खुशाल हसा. फक्त माझ्या अनुभवात बाई नाही, म्हातारा नाही, अमावस्याही नाही. भर सकाळी, चारपदरी हायवेवर, ऊन डोळ्यांत घुसत असताना घडलेली गोष्ट आहे. आणि तिचा फोटोही आहे... सरकारी!

आम्ही फैजपूरचे. मी आणि माझी मोठी जाऊ मिळून केळीचे वेफर्स करतो. जाऊबाईंना सगळं घर अक्का म्हणतं, मीही. कढई, तेल, मीठ हे खातं अक्कांचं आणि गाडी माझी. दर मंगळवारी जळगाव, एरंडोल, पारोळा करत धुळ्याच्या दुकानांना माल पोचवायचा. अक्का सोबत येतातच, कारण दुकानदार मला गोड बोलून गुंडाळतात असं त्यांचं ठाम मत आहे. (खरं आहे ते.)

आमची गाडी म्हणजे पिवळ्या पाटीची छोटी मालवाहू व्हॅन. मालवाहू असल्यानं तिला स्पीड गव्हर्नर बसवलेला, म्हणजे आमच्याकडच्या भाषेत गाडी ‘ऐंशीला लॉक’. काटा ऐंशीला टेकला की ॲक्सिलरेटर कितीही दाबा, पायाखालचा जोरच जातो. गाडी नुसती कुंथते, पुढे सरकायचं नाव नाही. त्याच रस्त्यावर कारला मात्र शंभरची मुभा. त्यामुळे काय होतं, कालपरवा चालवायला शिकलेलं कुणीही हॉर्न वाजवत आपल्या पुढे जातं. माझा या गोष्टीवर फार राग. रस्ता तोच, डांबर तेच, मग आम्हीच काय पाप केलंय?

अक्कांना उलट ऐंशीसुद्धा जास्त. एका हातानं डॅशबोर्ड धरून बसणार आणि म्हणणार, “कायले इतकी पळवतीस वं? वेफर्स काय उडून चालले का?”

त्या मंगळवारी माल थोडाच होता. हे म्हणाले, “दहाच बॉक्स आहेत, कार घेऊन जा.” आमच्या घरी एक जुनी कार आहे. मी नको म्हटलं. तेलाचा वास सीटला बसतो आणि मग तोच माणूस महिनाभर नाकाला रुमाल लावून बोलतो, म्हणून. हे वाक्य मी त्या सकाळी किती वेळा आठवलं, ते माझं मलाच माहीत.

पारोळा मागे पडलं आणि अक्कांनी छातीवर हात ठेवला. म्हणाल्या, “मले काई नई झालं. रातचं भरीत बाधलं असीन.” मलाही तेच वाटलं. आमच्याकडे हिवाळा सरता सरता भरीत-पुरीचा बेत झाला की दुसऱ्या दिवशी अर्धं घर छाती चोळत फिरतं. मी एका हॉटेलपाशी गाडी लावली, लिंबू-सोडा घेतला, त्यांना सावलीत खुर्चीवर बसवलं. वर पित्ताची गोळी दिली आणि चक्क थट्टा केली, की अजून दोन पुऱ्या खायच्या होत्या! वीस मिनिटं आम्ही तिथे बसलो. म्हणजे मी बसवलं.

मग त्यांचा ब्लाऊज पाठीवर घामानं चिकटलेला दिसला. सावलीत, पंख्याखाली. हनुवटी चोळत होत्या.

“रजनी, मले कसंतरी हू राह्यलं वं.”

मी ह्यांना फोन लावला. तेव्हा दहा वाजून अठरा मिनिटं झाली होती. फोनमध्ये अजून नोंद आहे, मी पुसलेली नाही. घाम आणि हनुवटी ऐकल्याबरोबर ह्यांचा आवाज बदलला. “रजनी, थांबू नको. ॲम्ब्युलन्स येईल, मंग वापस जाईल, त्यात वेळ जाईल. सरळ धुळ्याला हृदयाच्या दवाखान्यात ने. मी तिथं फोन करून ठेवतो.”

त्या दवाखान्याच्या पुढच्या चौकात आमचं एक दुकान आहे. हॉटेलपासून तिथवर मला नेहमी पाऊण तास लागतो. दोन वर्षं दर मंगळवारी जाते, त्यात पाच मिनिटांचाही फरक पडत नाही. पडणार कसा, गाडी ऐंशीला लॉक!

हायवेला लागले आणि ॲक्सिलरेटर तळाला टेकवला. ऐंशी. तिथून पुढे तेच कुंथणं. डोक्यात एकच, कार आणली असती तर... आणि ती वीस मिनिटं. लिंबू-सोडा! मी रडत होते आणि शिव्याही देत होते. गाडीला, गव्हर्नरला, नियम करणाऱ्यांना आणि स्वतःला. एक लाल कार हॉर्न वाजवत पुढे गेली. तिच्या टपावर नवा कूलर बांधला होता, खोक्यासकट. मला वाटलं, कूलर आमच्याआधी धुळ्याला पोचणार आणि माझ्या अक्का...

अक्कांनी नेहमीसारखा डॅशबोर्डवर हात ठेवला होता. पण धरलेला नव्हता, तळवा सपाट टेकलेला. घरच्या गाईच्या पाठीवर ठेवतात तसा. डोळे मिटलेले. हळू आवाजात गाडीला म्हणाल्या,

“चाल वं माय. चाल.”

जन्मात पहिल्यांदा अक्का गाडीला ‘चाल’ म्हणाल्या. त्यानंतर ते कुंथणं थांबलं.

मी शपथेवर सांगते, झटका बसला नाही, इंजिन गरजलं नाही, काही चमकलं नाही. उलट गाडी शांत झाली. मी काट्याकडे पाहिलं. ऐंशी. पुन्हा पाहिलं. ऐंशीच. पुढे रस्त्यावरच्या कमानीवर वेग मोजणारा कॅमेरा आहे. तो आला की सगळ्या कार शहाण्या होऊन ब्रेक मारतात, हे मला माहीत होतं. म्हणून त्या कूलरवाल्या लाल कारला मी मागे टाकलं, तेव्हा मला काहीच वाटलं नाही. कमान गेली. आता ती कार परत पुढे जाणार म्हणून मी आरशात बघत राहिले. ती लहान होत गेली. मग दिसेनाशी झाली.

त्यापुढचं मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. अक्कांचा हात. धुळ्याचा उड्डाणपूल. हॉर्नवरून न काढलेला माझा अंगठा. एका रिक्षावाल्यानं आत डोकावून पाहिलं आणि स्वतःची रिक्षा आडवी घालून आमच्यासाठी चौक अडवला. दवाखान्याच्या दारात स्ट्रेचर तयार होतं.

केसपेपरवर त्यांनी वेळ टाकली आहे. दहा वाजून बेचाळीस. मी ती त्या दिवशी वाचलीसुद्धा नाही.

दुपारी डॉक्टर बाहेर आले. अक्कांच्या हृदयाची मोठी नळी बंद झाली होती, ती उघडली म्हणाले. “वेळेत आणलंत ताई. अजून अर्धा तास गेला असता तर मी तुमच्याशी वेगळं बोललो असतो.” वीस मिनिटं मी लिंबू-सोड्यात घालवली होती, हे सांगायला तोंडच उघडेना.

पाचव्या दिवशी माझ्या मोबाइलवर मेसेज आला. वेगमर्यादा ओलांडल्याचं चलान. वाहनप्रकार मालवाहू, मर्यादा ऐंशी, नोंदलेला वेग एकशे चार.

ह्यांना हसूच आवरेना. “एकशे चार? या डब्याले? दुसऱ्याच्या गाडीचं तुझ्या नावावर टाकलं.” फोटो उघडला तर नंबर आमचाच. काचेतून मी दिसत होते, तोंड उघडं, केस विस्कटलेले. शेजारी अक्का. आणि डॅशबोर्डवर सपाट टेकलेला तो हात. अगदी स्पष्ट. ह्यांचं हसू तिथेच थांबलं.

तरी माणूस पक्का व्यवहारी, तक्रार केलीच. गव्हर्नर चालू असल्याचा कागद जोडायचा म्हणून आम्ही गाडी धुळ्याला एका गव्हर्नर बसवणाऱ्या मिस्त्रीकडे नेली. माझ्या मनात होतं, सील तुटलं असेल, वायर सुटली असेल आणि विषय संपेल. त्यानं खाली वाकून पाहिलं, मशीन जोडून पाहिलं, मग गाडी बायपासला नेऊन पळवून पाहिली. परत येऊन हात पुसत म्हणाला, “ताई, बठ्ठं बराबर शे. सील जसंना तसं शे. हाई गाडी ऐंशीना वर जाऊच शकत नही.”

मग कॅमेरा चुकला असं मानू. मानते. पण कॅमेरा चुकला तर केसपेपर कसा चुकेल? माझा फोन कसा चुकेल? पाऊण तासाचा रस्ता चोवीस मिनिटांत झाला. म्हणजे साधारण वीस मिनिटं मला परत मिळाली. जेवढी मी घालवली होती तेवढीच. हा हिशोब लक्षात आला त्या दिवशी मी दारासमोरच्या खळ्यात उभ्या असलेल्या गाडीपाशी गेले, बॉनेटवर डोकं टेकवलं आणि पोटभर रडले. शेजारणीनं पाहिलं. पाहू दे.

एकदा मी त्याच जागी एकटीनं ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबूनही पाहिला. ऐंशी. कुंथणं. मला स्वतःचीच लाज वाटली आणि गाडीची माफी मागून पाय काढला.

महिन्याभरानं तक्रारीवर वाहतूक पोलिसांचा फोन आला. साहेब भले माणूस होते. म्हणाले, कागदपत्रं नीट आहेत, या गाडीचा वेग एवढा असूच शकत नाही, तुम्ही फक्त होकार कळवा, चलान रद्द होईल. मी फोनवर हात ठेवून आत सांगितलं. अक्का तोवर घरी आल्या होत्या, बिनामिठाच्या वरणावर तोंड वाकडं करत बसल्या होत्या.

“नको,” त्या म्हणाल्या.

“अक्का, अहो रद्द होतंय!”

“तेच तं नको. गाडी ऐंशीच्या वर गेलीच नई असं त्यायनं लिहून देलं, तं मंग मी इथी कशी बसेल आहे?”

मी साहेबांना सांगितलं, “साहेब, राहू द्या. चूक आमची आहे. गाडी खरंच तेवढी पळाली.” “बरं ताई,” ते म्हणाले. चलान त्याच संध्याकाळी भरून टाकलं.

इथे पुष्कळ अभ्यासू वाचक आहेत. कुणाला काही कारण सुचलं तर जरूर लिहा, मी मनापासून वाचेन. मला स्वतःला आजतागायत काही सापडलेलं नाही आणि खरं सांगायचं तर आता मी शोधतही नाही. त्या डॉक्टरांचे, त्या रिक्षावाल्याचे, त्या फोटोचे आणि आमच्या त्या पिवळ्या पाटीच्या डब्याचे उपकार मी या जन्मी विसरणार नाही.

मंगळवार पुन्हा सुरू झालेत. गाडी ऐंशीनंच चालते, कारवाले हॉर्न वाजवत पुढे जातात आणि मी त्यांना जाऊ देते. ती कमान जवळ आली की अक्का पदर नीट करतात आणि कॅमेऱ्याला हात जोडतात. मग डॅशबोर्ड धरून म्हणतात, “हळू चालव वं. आता काई घाई नई.”