कोंबडा सापडतो का

थायलंडमधल्या राचबुरीच्या बायकांच्या तुरुंगात प्रयोंगबाई पहारेकरीण होत्या आणि त्यांना कैदीच काय, वरचे साहेबसुद्धा वचकून असत. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी त्या बाजारात दिसल्या की काही बायका आपोआप रांगेत उभ्या राहत.

तुरुंगाच्या वाचनालयाला लोक पुण्य म्हणून पुस्तकं देत. मुलं मोठी झाली की घरातली अडगळ पुण्याच्या नावाखाली बाहेर काढता येते, त्यामुळे बहुतेक पुस्तकं लहान मुलांचीच येत. आत जाणारं प्रत्येक पुस्तक आक्षेपार्ह मजकुरासाठी तपासायचं काम प्रयोंगबाईंकडे होतं. ते त्यांनी मन लावून केलं. काही पुस्तकं चार-चारदा तपासली. पुरात वाहून गेलेल्या कोंबड्याला शोधत नदीकाठानं निघालेल्या एका मुलीचं पुस्तक तर त्या दरवर्षी तपासत, आणि निवृत्तीनंतर स्वतःची प्रत विकत आणून त्यांनी तपासणी घरीही चालू ठेवली. मोठ्यांच्या कादंबऱ्या त्यांना मानवत नसत. त्यांतली माणसं आपल्या पायानं संकटात जातात आणि मग पानंच्या पानं कुरकुरतात, असं त्यांचं मत होतं. तसली माणसं त्यांनी नोकरीत पुष्कळ पाहिली होती.

या सुखात एकच उणीव होती. वाचलेल्या पुस्तकांबद्दल बोलायला जिवाभावाचं कुणी नव्हतं, आणि ते त्यांना फार लागे.

कुणाचं दहन असलं की आलेल्या लोकांना मृताच्या आठवणीखातर छापलेलं एक पुस्तक वाटतात. आपल्या वेळी कोंबड्याचं वाटायचं, असं बाईंनी ठरवून टाकलं. पण त्यांना मूलबाळ नव्हतं. सगळं करणार होता तो शेजारीच राहणारा धाकटा भाऊ थविन, आणि तो तालुक्याच्या कचेरीतून निवृत्त झालेला अधिकारी होता.

"पी," तो म्हणाला. धाकट्यानं मोठ्या बहिणीला एवढंच म्हणायचं असतं. "अशा वेळी धर्माचं प्रवचन वाटतात. कोंबडा वाटला तर लोक मला काय म्हणतील?"

"आभार मानतील. तुझ्या कपाटात प्रवचनांची रांग आहे. एक तरी उघडलंस?"

"ती आदरानं ठेवलीयत."

"हे एकदा वाचून तर बघ."

"मी अडुसष्ट वर्षांचा आहे, पी."

"चालेल. कुठल्या वयापर्यंत वाचायचं, ते छापलेलं नाही."

थविननं पुस्तकाला हात लावला नाही. पुढे साखरेनं त्याची दृष्टी गेली, मग त्यानं अंथरूणच धरलं. मुलगी ओरथाय कामावर जाई, तेव्हा दुपारी बाई त्याच्याजवळ बसत. बसल्या बसल्या त्यांनी एक दिवस पुस्तक उघडलं आणि मोठ्यानं वाचायला लागल्या. पळून जाणं त्याला शक्य नव्हतं.

"एवढा पूर आला आणि कचेरीतून एक नाव सुटत नाही?" तो दुसऱ्याच पानावर म्हणाला. "लिहिणाऱ्याला कारभारातलं ओ की ठो कळत नाही."

"ती मुलगी आठ वर्षांची आहे. तिनं अर्ज केला नव्हता."

"आणि कोंबडा इतके दिवस पाण्यात टिकत नाही."

"हा टिकतो."

"कुठल्या नियमानं?"

रोज अशी हरकत येई, रोज बाई ती फेटाळून लावत. हळूहळू थविन दुपारच्या आत दाढी करून घ्यायला लागला. औषध द्यायला कुणी मधेच आलं तर हातानंच "थांबा" म्हणे. बाई इतक्या खूश कधीच नव्हत्या. भाऊ आजारी असताना असं वाटणं बरं नव्हे, हेही त्यांना कळत होतं.

एका संध्याकाळी त्यांनी पुस्तक मिटलं तेव्हा एकच प्रकरण उरलं होतं. थविन भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "पी. कोंबडा सापडतो का?"

बाईंना कुणीतरी हे विचारावं म्हणून त्या जन्मभर थांबल्या होत्या. त्या ऐटीत म्हणाल्या, "उद्या."

पहाटे थविन गेला.

त्याच्या इच्छेप्रमाणे बाईंनी प्रवचनच छापायला दिलं, वर सोनेरी अक्षरं. विहारात शवपेटी ठेवली होती. तिच्यावर टकटक करून घरच्यांनी मृताला सांगायचं असतं, तसं बाई रोज सांगत, "विन, जेवण आणलंय." "विन, भिक्षू आलेत. नीट ऐक."

दहनाच्या आदल्या संध्याकाळी भिक्षूंचं पठण संपलं. लोक पेजेचे वाडगे घेऊन बसले होते. बाई उठल्या, पेटीवर टकटक केलं आणि म्हणाल्या, "विन, शेवटचं प्रकरण."

तुरुंगात हजेरी घेत त्याच आवाजात त्यांनी वाचलं. लोकांनी चमचे खाली ठेवले. ओरथायनं खुर्ची आणली, तिच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. पूर ओसरला, मुलगी चिखल तुडवत गावात शिरली, आणि कोंबडा सापडला, तालुक्याच्या कचेरीच्या छपरावर.

बाई इथे थांबल्या. हे वाक्य थविननं सहजासहजी जाऊ दिलं नसतं. त्यांनी त्याला पुरेसा वेळ दिला.

हरकत आली नाही. तेव्हा कुठे त्यांना रडू कोसळलं.