माहीत नाही, माणसाला बोलवा

व्लास्ता ह्रुबेशोवा चिडली की तिच्या कीबोर्डचा आवाज बदलायचा. ब्र्नो शहरातल्या तिच्या कंपनीच्या तिसऱ्या मजल्यावर तो सगळ्यांच्या ओळखीचा होता. कॉफीच्या यंत्रापाशी गप्पा छाटणारी मंडळी अर्धवट भरलेला कप उचलून गुपचूप आपापल्या जागेवर जाऊन बसायची. पन्नाशी उलटलेली, आखूड केसांची बाई, पायात घरातल्या सपाता आणि तोंडात कात्री.

आता ती उगाच कुणाच्या अंगावर जायची असं नाही. तिचा राग एकाच गोष्टीवर होता: माहीत नसताना ठोकून देण्यावर. कुणी "बहुतेक चालेल" म्हणालं की तिची खुर्ची गर्रकन वळायची.

"बहुतेक? दातांचा डॉक्टर 'बहुतेक हाच दात' म्हणाला तर तोंड उघडशील का त्याच्यापुढे?"

या रागाचं मूळ फार जुनं होतं. शिक्षण संपवून ती एका सरकारी संगणक केंद्रात लागली तेव्हा डिस्क म्हणजे कपडे धुण्याच्या यंत्राएवढं धूड असायचं. एक दिवस त्यातली एक डिस्क खरवडली गेली आणि एका धरणाच्या पाण्याच्या वर्षभराच्या नोंदी गेल्या. केंद्राच्या प्रमुखाने घाम पुसला आणि हुकूम सोडला, "मागच्या वर्षीचे आकडे घ्या, थोडे इकडेतिकडे करा." तसे केले. कुणी विचारलंसुद्धा नाही. धरण तेवढं शहाणं निघालं, म्हणून सगळे निभावले. पोरसवदा व्लास्ता कॅन्टीनमध्ये मसुराच्या सूपपुढे बसून रडली, दुःखाने नव्हे, संतापाने. गेलं तर गेलं म्हणा ना! खोटं कशाला भरता?

पुढे राजवट बदलली, डिस्क हाताच्या तळव्यावर मावायला लागल्या, आणि जगभरची माणसं मिळून जो कर्नल लिहितात, म्हणजे संगणकाचा अगदी आतला गाभा, त्यातला जोडडिस्कचा भाग व्लास्ताकडे आला. कल्पना सोपी आहे. एकच मजकूर एकाच वेळी दोन डिस्कवर लिहायचा, एक मेली तरी दुसरीवर काम चालू. प्रत्येक डिस्कच्या शेपटाशी व्लास्ताने चिमूटभर जागा राखून ठेवली होती. तिथे डिस्कने स्वतःची हकिगत लिहायची: माझी जोडीदार कोण, ती जिवंत आहे की गेली, मी आजवर किती घडामोडी पाहिल्या. शिवाय एक नकाशा. जोडीदार नसताना मी कुठेकुठे लिहिलं, त्याच्या खुणा त्यात असायच्या. जोडीदार परत आली की अख्खी डिस्क उतरवायला नको, खुणांच्या जागा तेवढ्या उतरवायच्या. पूर्वी या कामात दिवस जायचा, आता कॉफी होईपर्यंत उरकायचं. त्या नकाशासाठी तिला दूरदूरच्या लोकांच्या शाबासक्या आल्या होत्या. त्यातल्या दोनतीन तिने छापून टेबलासमोर चिकटवल्या होत्या, आणि कुणी त्याकडे पाहिलं की तिच्याच कपाळाला आठी पडायची.

पण तिचा जीव होता तो दुसऱ्याच एका ठिकाणी. कधीतरी असं होतं की दोन्ही डिस्क एकमेकींपासून तुटतात. आधी एक एकटी चालते, मग दुसरी एकटी चालते. पुन्हा समोरासमोर येतात तेव्हा दोघींच्या शेपटाशी एकच लिहिलेलं असतं: जोडीदार गेली, खरी मी. अशा वेळी व्लास्ताचा कर्नल कशालाही हात लावायचा नाही. थांबायचा आणि पडद्यावर लिहायचा: 'दोघीही स्वतःला खरी म्हणतात. मला माहीत नाही. माणसाला बोलवा.'

या तीन वाक्यांनी लुमीर ब्राबेत्सची झोप उडाली. कंपनी दोन डिस्कचे छोटे डबे बनवून विकायची, आणि ब्राबेत्स हा त्या डब्यांचा नवा साहेब. विक्रीतून वर आलेला, दात पांढरेशुभ्र, हातमिळवणी घट्ट. त्याने बैठक बोलावली.

"इंजिनियरबाई, गिऱ्हाईक पैसे मोजतं ते 'मला माहीत नाही' ऐकायला का?"

"मग काय ऐकायला? थाप?"

"थाप कशाला? तुमच्याच रचनेत घडामोडींचा आकडा आहे की. जिचा आकडा मोठा, ती खरी. तिच्यावरून दुसरीवर उतरवा. विषय संपला."

"तो आकडा काम मोजत नाही, ब्राबेत्ससाहेब. चालू झाली, वाढला. बंद झाली, वाढला. एखादी नुसतीच दिवसभर उठबस करत असेल तर तिचा आकडा सगळ्यात मोठा. आपल्याकडे बढत्या मिळतात त्याच नियमाने."

कोपऱ्यात कुणाच्या तरी नाकातून कोफोला, म्हणजे तिथला कोला, बाहेर आला. ब्राबेत्स हसला नाही.

"असं शेकड्यात एखाद्याच्या वाट्याला येणार. त्याने आपला बॅकअप ठेवावा."

"म्हणजे त्याचं खरं तुम्ही पुसणार, आणि वर त्यालाच शहाणपण शिकवणार?"

"यंत्र थांबता कामा नये, एवढंच माझं म्हणणं."

"बोळ्याने दूध पिता का हो तुम्ही?" असं म्हणून व्लास्ताने पायातली सपात काढली. मारली नाही, पण काढली. साक्षीदार पुष्कळ होते.

निर्णय आधीच झाला होता. जगाच्या कर्नलमध्ये तिची तीन वाक्यं तशीच राहिली, कंपनीच्या डब्यांतून मात्र ती काढून मोठ्या आकड्याचा नियम बसवला, आणि जुन्या डब्यांनाही हळूहळू नवी आवृत्ती पोचती झाली. व्लास्ताने राजीनामा लिहिला, फाडला, पुन्हा लिहिला आणि खणात टाकला. या वयात नवी नोकरी शोधायची तर ब्राबेत्ससारख्याच कुणापुढे जाऊन गोड हसावं लागलं असतं, आणि ते तिला येत नव्हतं.

तिचा थोरला भाऊ बोर्झिवोय यासेनोव्ह गावात राहायचा, जिथे दोघं वाढली. जन्मभर टपाल वाटून निवृत्त झालेला, एकटा, अत्यंत भिडस्त माणूस. कुत्रं भुंकलं तर तोच कुत्र्याची माफी मागायचा. निवृत्तीनंतर त्याने एक वेड घेतलं. गावात यूरा ब्लाहुता नावाचा ऐंशीच्या पुढचा व्हायोलिनवाला होता. मोराव्हियाच्या त्या डोंगरपट्टीत प्रत्येक गावाची वाजवण्याची स्वतःची ढब, आणि यासेनोव्हची ढब आता फक्त यूराच्या हातात उरली होती. त्याला स्वरलिपी येत नव्हती, शिष्य टिकले नव्हते, आणि प्यायल्याशिवाय तो वाजवत नव्हता. बोर्झिवोय त्याला घरी बोलवायचा, आलुबुखाराची दारू पुढे ठेवायचा आणि ध्वनिमुद्रण करायचा. ते ठेवायला व्लास्तानेच त्याला कंपनीचा दोन डिस्कचा डबा दिला होता.

आणखी एक तिसरी डिस्कही दिली होती, अधूनमधून प्रत काढून कपाटात ठेवायला. नाताळच्या जेवणाला, तळलेला कार्प मासा आणि बटाट्याचं सॅलड ताटात असताना, ती त्याला ते शिकवायला बसली.

"पण यात दोन आहेत ना?" बोर्झिवोय म्हणाला. "मग तिसरी कशाला?"

"अरे दगडा, एकीवर चूक झाली की तीच दुसरीवर उतरते! जोड म्हणजे प्रत नव्हे! किती वेळा सांगू?"

खरं तर तिने एकदाच सांगितलं होतं. बोर्झिवोयने मान डोलावली, "कळलं, कळलं" म्हणाला, माशाचे काटे काढत राहिला, आणि पुन्हा कधी विचारलं नाही. तिसरी डिस्क खोक्यातून बाहेरच आली नाही.

पुढच्या हिवाळ्यात बर्फातून चालत आलेल्या यूराला शेगडीपासून लांब बसवेना, म्हणून बोर्झिवोयने सगळं सामान शेगडीजवळ हलवलं. त्यात डब्याच्या डाव्या डिस्कची वायर निसटली. डबा केकाटायला लागला. यूराने व्हायोलिनचा गज खाली ठेवला.

"तुझ्या डब्याचा सूर चढलाय, पोस्ट्या. त्याला सुरात लाव, नाहीतर गप्प कर."

बोर्झिवोयने बटण शोधून त्याला गप्प केलं. मग हिवाळाभर यूराने वाजवलं, कधी नव्हे एवढं वाजवलं. लग्नातल्या चाली, सैन्यात निघालेल्या पोरांच्या चाली, कुणाच्या आजोबाने जत्रेत मार खाल्ला त्याची चाल. हे सारं एकट्या उजव्या डिस्कवर उतरत गेलं. फेब्रुवारीत यूरा गेला. त्याचा गज त्याच्यासोबत पुरला.

मार्चमध्ये वायरमन घरात नवी वायरिंग करायला आले. सामान पुन्हा हललं. आता डावीची वायर बसली आणि उजवीची सुटली. दिवसभर फ्यूज उडत होता, दिवे जात-येत होते, आणि डावी डिस्क बिचारी उठत होती, बसत होती, उठत होती. प्रत्येक खेपेला तिचा आकडा वाढत होता.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, व्लास्ता बाजारातून येऊन ट्रामच्या थांब्यावर उभी होती. पिशवीत लसूण आणि राईचा पाव होता. फोन वाजला.

"व्लास्ता, रागावू नकोस हं. सगळं ठीक आहे."

"सगळं ठीक असताना तू फोन करत नाहीस. काय झालं?"

"काल यूराचा हिवाळाच दिसेना. ऑक्टोबरपर्यंतचं होतं, पुढचं काही नाही. पण आता होतंय दुरुस्त. मी कंपनीच्या मदतकेंद्राला फोन केला. फार गोड मुलगी होती. म्हणाली, दोन्ही वायरी नीट खोचा, चालू करा, बाकीचं यंत्र बघेल. आता लिहून आलंय, डावीवरून उजवीवर उतरवत आहे. तीस टक्के. चांगलं ना?"

व्लास्ताच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

"हिवाळाभर डब्यावर कुठल्या डिस्कचा दिवा लागत होता?"

"उजवीचा."

"वायर उपट!"

"कुठली?"

"भिंतीतली! उपट, बोर्झा! आत्ता!"

थांब्यावरची माणसं बाजूला सरकली. एका बाईने आपलं कुत्रं उचलून घेतलं.

"पण ती म्हणाली, संपेपर्यंत बंद करू नका. इथे लाल अक्षरांतही तेच..."

"चुलीत घाल ती अक्षरं! उपट म्हणते ना!"

"बरं, बरं, ओरडू नकोस. टेबल सरकवतो. प्लग मागे आहे. थांब हं... अगं नको, झालंसुद्धा! शंभर! व्लास्ता, काय झटपट आहे गं! हे तूच केलंयस ना? तू सांगितलं होतंस, पूर्वी दिवस लागायचा म्हणून."

ट्राम आली आणि गेली. पावाची पिशवी तिच्या हातातून कधी गळून पडली ते तिला कळलं नाही.

"तू आधी मला का नाही विचारलंस?" ती म्हणाली.

पलीकडून हळूच आलं:

"तू ओरडतेस."

दुपारच्या बसने ती यासेनोव्हला निघाली. रस्ताभर तिने ब्राबेत्सला मनातल्या मनात सोलून काढलं. त्याचे दात पाडले, त्याची घट्ट हातमिळवणी मुरगाळली, खणातला राजीनामा त्याच्या तोंडात कोंबला. मग त्या गोड मुलीला झापलं, मग दगड भावाला. कुठल्याच शिवीने पोट भरेना. शिव्या संपल्या तेव्हा बस डोंगरात शिरली होती, आणि तिच्या डोळ्यांपुढे नकाशा होता, तिचा स्वतःचा, भिंतीवर शाबासक्या मिरवणारा. वेगळं झालेलं तेवढंच उतरवायचं, बाकीच्याला हात लावायचा नाही. वेगळं काय होतं? उजवीच्या खुणांतला हिवाळा. तिच्या नकाशाने यूराच्या नेमक्या जागा शोधून काढल्या होत्या आणि एकही न चुकवता पुसल्या होत्या.

बोर्झिवोयने शेगडी पेटवून ठेवली होती. टेबलावर चरबी फासलेले पावाचे तुकडे, वर कांदा. यूराच्या खुर्चीवर उशी अजून तशीच होती. व्लास्ता डब्यापुढे बसली. तिने दोन्ही डिस्क वाचल्या, दोन्ही शेपटं वाचली. सगळं सुरळीत होतं. दोघी एकमेकींशी तंतोतंत जुळत होत्या, आणि दोघींवरही शेवटची चाल ऑक्टोबरातली होती.

तिने त्याला सांगितलं. आवाज न चढवता, सावकाश, नाताळला सांगायला हवं होतं तसं सांगितलं. दोघी वेगळ्या झाल्या होत्या. दोघीही म्हणत होत्या, मी खरी. कोण खरी हे यंत्राला कळायला काही मार्गच नव्हता. मग त्याने एक निवडली.

"परत येणार नाही?"

"नाही."

बोर्झिवोयने कांद्याची चकती पावावर नीट लावली, पुन्हा काढली. तो रागावला नव्हता. त्याला राग येतच नसे, आणि तेच व्लास्ताला सोसत नव्हतं. त्याने ओरडावं, पाव फेकून मारावा, असं तिला मनापासून वाटत होतं.

"पण मी इथेच तर बसलो होतो," तो म्हणाला. "त्याला माहीत नव्हतं, तर मला विचारायचं. मी सांगितलं असतं की, यूरा उजवीत आहे. मला ठाऊक होतं, व्लास्ता. तू त्याला विचारायला शिकवलं नव्हतंस का?"