आईने पाहिलेलं बर्लिन

आर्वीच्या बाजारात आज ओल्या कोथिंबिरीच्या वासाने मी थेट बर्लिनच्या एका कालव्याकाठी पोचले.

मी तिथे शिकत होते. दोन वर्षांत खोली आणि कॉलेज सोडून काहीच पाहिलं नव्हतं. सगळं सोडून परतायचं मी मनाशी पक्कं केलं होतं. तेवढ्यात आमच्या गावाहून, रोहण्याहून, आई आली. भाजीच्या वावरात जन्म काढलेली. म्हणाली, "काऊन खोलीत बसून राह्यली? चाल, रोज एक मोहल्ला पाहू."

आणि खरंच पाहिला. कुठे जुन्या उंच इमारती, कुठे भिंतीभर रंगवलेली चित्रं. साडीवर माझा जाड कोट घालून ती पुढे, मी मागे. सातव्या दिवशी नॉयकोल्न भागात कालव्याकाठी तुर्की लोकांचा भाजीबाजार लागला. आईने एका म्हाताऱ्या विक्रेतीकडची कोथिंबीर चुरगळून हुंगली आणि बिनधास्त वऱ्हाडीत म्हणाली, "चांगली हाये, पण पानी जास्त मारलं." ती बाई तुर्कीत काहीतरी बोलली आणि दोघी खळखळून हसल्या.

मग आई माझ्याकडे वळली. "इची बी भाषा इथली नाई. तरी बसली ना ठाम? तू शिक्षण पुरं करूनच येजो."

मी तिला काहीच सांगितलं नव्हतं.

मी राहिले, पदवी घेऊनच आले. आज बाजारात तिला विचारलं, "आई, तिथे तुला भीती नाही वाटली?"

"वाटत होती ना," ती म्हणाली. "पहिल्या दिवशी तं दारातूनच परत फिराव वाटे. पण तू मांगून पाहून राह्यली होती."